थोरली पाती आणि धाकटी पाती
(कल्याण तालुक्यांतील एका सभेंत झालेलें भाषण)



दिवा स्टेशनावर सावंतवाडीची गाडी धरणारे आपल्यांत पुष्कळ आहेत. पण आपण बसतों ते रूळ कोणाचे, हें फारसें कोणी विचारीत नाहीं. रोह्यापर्यंतचे रूळ मध्य रेल्वेचे. रोह्यापुढें मंगळुराजवळच्या ठोकूरपर्यंतचा मार्ग कोकण रेल्वे कंपनीनें बांधिला. घराणें एक, पाती दोन; हिशेब मात्र वेगळा.

ही कंपनी 1990 सालीं निघाली. 51 टक्के भाग भारत सरकारचे, 22 महाराष्ट्राचे, 15 कर्नाटकाचे, आणि गोवा व केरळ यांचे सहा-सहा असे ठरले. तेवढ्यानें भागेना, म्हणून रोखे विकून कर्ज काढलें. नव्वदांवर बोगदे खणून 1998 च्या जानेवारींत सबंध मार्ग खुला झाला. काम नामी झालें, यांत वाद नाहीं. पण कर्ज धाकटीच्या डोक्यावर बसलें, आणि भाडें आकारतांना अंतर 40 टक्के वाढवून धरण्याचा प्रघात पडला. गाडी चालावी 100 किलोमीटर, पैसे द्यावे 140 चे! दुकानदाराच्या तागडींत असें झालें असतें तर आपण गांव गोळा केला असता.

जुनी गोष्ट पाहा. 1853 सालीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी आली, ती जी. आय. पी. कंपनीची. 1849 च्या करारानें विलायतेंतील भागीदारांस 5 टक्क्यांची हमी दिलेली होती. नफा कमी पडला तर तूट रयतेच्या करांतून भरावयाची. परक्या सावकाराची एवढी काळजी! आणि ज्या कोकणच्या शेतकऱ्यानें आपली वरकस जमीन, आंब्या-काजूचीं झाडें रुळांखालीं दिलीं, त्याच्या माथीं वाढीव भाडें.

थोरलीचा अधिकार दिव्यालाच दिसतो. दादर-रत्नागिरी पॅसेंजर 2020 च्या साथींत बंद पडली. पुन्हां निघाली ती दिव्यापर्यंतच. पुढचे रूळ थोरलीचे, तेथें धाकटीचें चालत नाहीं. म्हातारीं माणसें, पोरें, बोचकीं घेऊन लोकांनीं लोकलच्या गर्दींत शिरावें!

शिवाय मार्ग बहुतेक एकेरी. समोरून गाडी आली कीं आपली बाजूस उभी. 2021 सालीं दुसरा रूळ झाला तो रोहा ते वीर, सुमारें 47 किलोमीटर. वेगळी कंपनी म्हणून अंदाजपत्रकांतील सरळ वांटा तिला नसे.

2025 सालीं महाराष्ट्र सरकारनें दोन्ही पाती एक करण्यास संमति दिली. ‘कोकण रेल्वे’ हें नांव राहावें अशी अट घातली. नांवाचा अभिमान मलाही आहे. पण नुसती पाटी घेऊन काय करावयाचें? अंतर खरें मोजावें, वीरच्या पुढें दुसरा रूळ जावा, रत्नागिरीची गाडी दादरला न्यावी, या अटी कोठें आहेत? जमीन देणाऱ्यांच्या मुलांस नोकरींत जें प्राधान्य, तें नव्या कागदांत उतरलें नाहीं तर मोठ्या घरांत कोण ओळखणार? बेलापूरची कचेरी निदान जवळ होती. दिल्ली लांब आहे.

अर्ज मराठींत लिहून द्यावयास मी तयार आहें. येत्या रविवारीं शाळेंत या. ज्यांची जमीन रुळांखालीं गेली असेल त्यांनीं जुना सातबारा बरोबर आणावा.