चिकूची वायनरी, बोर्डीचा समुद्र आणि दोघांचा एक दिवस



आज आधी तुम्हाला एक प्रश्न विचारते. तुम्ही आणि तुमचे मालक, दोघंच, काही काम नसताना शेवटचे कधी बाहेर गेलात? लग्न, बारसं, दवाखाना, कचेरी, देवदर्शन यातलं काही धरायचं नाही. आमच्या बचत गटाच्या बैठकीत हाच प्रश्न निघाला, तेव्हा 14 जणींपैकी 11 जणी म्हणाल्या, "कधीच नाही." त्या 11 जणींत मी होते. लग्नाला 22 वर्षं झाली, घर वाणगावच्या बाजूला, समुद्र तासाभराच्या वाटेवर, आणि दोघं मिळून तिथे कधी गेलो नव्हतो.

मग यंदा गेलो. डहाणू रोडपर्यंत लोकलने आणि पुढे बोर्डीपर्यंत एसटीने. एसटीत 17 मार्च 2023 पासून आपल्याला अर्धं तिकीट आहे, हे लक्षात असू द्या. भाकरी, सुका जवळा आणि पाणी घरूनच नेलं होतं.

डहाणू-घोलवडचा पट्टा चिकूचा. इथल्या चिकूला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे 'डहाणू घोलवड चिकू' हे नाव आता दुसरीकडच्या फळाला लावता येत नाही. बोर्डीत या चिकूपासून वाइन करतात. आम्हाला ते बघायचं होतं.

गटात हे सांगितलं तर एकजण म्हणाली, "अगं, आडवी बाटलीच्या मतदानाला तूच पुढे होतीस ना?" होते, आणि आजही आहे. त्यात आमच्या घरचीही एक गोष्ट आहे. ह्यांनी होकार दिलाय म्हणून सांगते. आमचे हे आठ वर्षं प्यायचे. सोडली त्याला सहा वर्षं झाली. म्हणून मी आधी ह्यांनाच विचारलं, "जायचं का खरंच?" हे म्हणाले, "आपल्या 30 झाडांचा चिकू पिकला की दोन दिवसांत मऊ पडतो. व्यापारी म्हणेल तो भाव घ्यावा लागतो. तिथे त्याच फळाचं काय करतात ते बघायचंय. प्यायला कोण जातंय?"

तिथलं काम आपल्याला समजण्यासारखं आहे. पिकलेली फळं धुतात, त्यांचा गर काढतात आणि तो यीस्ट घालून स्टीलच्या मोठ्या टाक्यांत ठेवतात. आंबोळीचं पीठ आंबतं तसाच प्रकार. यीस्ट फळातली साखर खातं, तिचं अल्कोहोल होतं आणि वायू निघतो. मग गाळून बाटल्या भरतात. चार दिवसांत नासणारं फळ असं महिनोन् महिने टिकतं आणि त्याची किंमत वाढते.

शेवटी चव बघायला छोटे ग्लास समोर ठेवले. माझं सगळं लक्ष ह्यांच्या हाताकडे. ह्यांनी ग्लास पलीकडे सरकवला आणि विचारलं, "डागी फळ चालतं का? गाडीभाडं कोण देतं?" मीही घेतली नाही. मग दोघांनी मिळून प्रश्नच प्रश्न विचारले. इतक्या वर्षांत आमचं दोघांचं असं एका विषयावर बोलणं झालं नव्हतं.

मैत्रिणींनो, दोन गोष्टी वेगवेगळ्या ठेवायच्या. फळावर प्रक्रिया झाली तर शेतकऱ्याला चार पैसे जास्त मिळू शकतात, ही एक. पण फळाची म्हणून वाइन औषध होत नाही, ही दुसरी. वाइनमध्ये साधारण 8 ते 14 टक्के अल्कोहोल असतं. दारूचं कुठलंही प्रमाण सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली स्पष्ट सांगितलंय. पोटुशी बाईने तर थेंबही घेऊ नये. आणि ज्यांच्या घरी माणसाने नुकतीच सोडली आहे, त्यांनी वायनरीकडे वळूच नये. चिकूच्या वाड्या बघाव्यात. चिकूचे चिप्स आणि पावडर हेही प्रक्रियेचेच उद्योग आहेत, आणि ते आपल्या गटालाही करता येतील.

दुपारनंतर आम्ही समुद्रावर गेलो. बोर्डीचा किनारा लांबलचक, मागे सुरूची झाडं. ओहोटीला पाणी खूप आत जातं. जायच्या आधी तिथी बघा. कोळी लोकांचा हिशेब सोपा आहे. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, साधारण तेवढ्या वाजता भरती पूर्ण होते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. तिथून सहा तासांनी ओहोटी. आम्ही त्रयोदशीला गेलो, म्हणजे पावणेदहाची भरती आणि चारच्या सुमारास ओहोटी. पाणी वर चढायला लागलं की बाहेर यायचं, आणि अनोळखी पाण्यात गुडघ्याच्या पुढे जायचं नाही.

भाकरी तिथेच सुरूच्या सावलीत खाल्ली. ह्यांनी विचारलं, "प्यायचो तेव्हा तुला कशाची जास्त भीती वाटायची?" मी सांगितलं. ते काय होतं, ते आमच्या दोघांत राहू दे. पण घरात हा प्रश्न कधी निघालाच नसता. घरात म्हैस असते, सासूबाईंची औषधं असतात, पोरांचे फोन असतात. तिथे कुणी हाक मारणारं नव्हतं.

दोघांचा सगळा खर्च हजाराच्या आत झाला. घरी एक दिवस चूल जावेने सांभाळली, पुढच्या महिन्यात ती जाईल तेव्हा मी सांभाळणार. आमच्या गटाने आता तसंच ठरवलंय. एक जोडी बाहेर जाईल, शेजारची जोडी तिच्या घरचं दूधपाणी बघेल.

तुमच्याजवळ समुद्र नसेल तर धरण असेल, डोंगर असेल, एखादा गूळाचा कारखाना असेल. ठिकाण कुठलंही चालेल. गटाच्या पुढच्या बैठकीत हप्त्याचा हिशेब झाला की वहीच्या मागच्या पानावर आपापली तारीख लिहा, आणि तुमच्या घरचं कोण सांभाळणार तिचं नावही शेजारीच लिहा.