योगायोग म्हणण्याआधी

श्रोतेहो, वेळ थोडा आहे, म्हणून माझी तक्रार आधीच सांगून टाकतो. आपण ‘योगायोग’ फार लवकर म्हणतो.

केस्लापूरच्या नागोबा जत्रेत दूरचा चुलता भेटला, की ‘काय योगायोग!’ अहो, तुम्ही मेस्राम, चुलताही मेस्राम. पुष्य अमावस्येला नागोबाच्या पूजेला सगळं कुळ तिथं येतं. भेटला नसता तर नवल. आदिलाबादच्या बाजारात किनवटची बाई भेटते, तिची आत्या आपल्याच गल्लीतली निघते, की पुन्हा योगायोग. १९५६ पर्यंत किनवट तालुका आपल्याच आदिलाबाद जिल्ह्यात होता. त्या वर्षी १ नोव्हेंबरला हद्द बदलली, किनवट आणि राजुरा पलीकडे गेले. सोयरिकी कुठं जाणार? आणि आपली मुदखेडची रेल्वे आजही किनवटवरूनच येते की.

मग योगायोग म्हणायचं कशाला? कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, हे आपण येताजाता म्हणतो. त्या झाडाकडे जरा नीट बघा. कावळा आला तो दमला म्हणून. फांदी तुटली ती वाळवीनं पोखरली म्हणून. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, म्हणून तो योगायोग. पण समजा, कावळा वाळवी टिपायलाच आला होता. मग? मग एकाच वाळवीनं फांदी पाडली आणि कावळाही बोलावला. हा योगायोग नव्हे.

गांधीजी १८६९ चे, शास्त्रीजी १९०४ चे, जन्म दोघांचा २ ऑक्टोबरचा. हा खरा योगायोग. पण मराठी भाषा गौरव दिन आणि कुसुमाग्रजांचा जन्मदिवस दोन्ही २७ फेब्रुवारीलाच कसे, असं मला एका मुलानं कौतुकानं विचारलं. बाळा, त्यांचा जन्मदिवस म्हणूनच तो दिवस निवडला! वर्गातल्या दोन पोरांचा वाढदिवस एक निघाला, की बाईसुद्धा चकित होतात. गणित सांगतं, २३ जण जमले तरी अशी जोडी निघण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. का, ते सांगायला बसलो तर वेळ इथंच संपेल.

ही झाली मौज. माझा जीव तुटतो तो पावसाळ्यात. एका घरी जुलाब, पलीकडच्या घरी जुलाब, आणि ओट्यावरची जाणती माणसं म्हणतात, योगायोग! पुन्हा सांगतो, आधी वाळवी बघा. दोन्ही घरांचं पाणी येतं कुठून? नळाचा पाइप नालीतून गेलाय का? बोअरभोवती डबकं साचलंय का? ‘योगायोग’ म्हटलं की टाकीचं झाकण उघडून बघायला कुणी उठत नाही.

याच्या उलटही होतं. नवी सून घरात आली आणि त्याच आठवड्यात बैल मेला. तिथं मात्र कारण लगेच सापडतं, ‘पांढऱ्या पायाची!’ जिथं योगायोग म्हणायला हवं, नेमकं तिथंच आपण... असो, तो विषय मोठा आहे, आणि काचेपलीकडून मला खूण होते आहे.

तेव्हा एवढंच ऐका. गल्लीत दोन घरी एकदम जुलाब लागले, तर त्याच दिवशी आशाताईंना सांगा, पाणी उकळूनच प्या, आणि आजाऱ्याला ओआरएस लगेच सुरू करा.