रोगी ‘नको’ म्हणतो तेव्हां



वैद्यानें उपचार सांगावा आणि रोग्यानें तो निमूटपणें घ्यावा, अशी आपली समजूत असते. परंतु चांगला शहाणासुरता मनुष्यही पुष्कळदां ‘नको’ म्हणतो. अशा वेळीं आप्तांनीं व वैद्यांनीं काय करावें?

या बाबतींत प्लेगच्या सांथीनें मोठा धडा शिकविला. इ. स. १८९६ मध्यें मुंबईंत सांथ उद्भवली, तेव्हां रोग्यांना सक्तीनें इस्पितळांत नेऊं लागले. तेथें गेलेला परत येत नाहीं, असें लोकांस वाटे. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत गिरणी कामगारांच्या जमावानें आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. पुढील वर्षीं पुण्यांत रँडसाहेबांच्या अमलांत सोजिरांनीं घरोघर झडत्या घेतल्या; तेव्हां लोक आपले रोगी लपवूं लागले. लपविलेल्या रोग्यावर उपचार कसा व्हावा?

त्याच काळांत दुसरा मार्गही दिसला. डॉ. हाफकिन यांनीं मुंबईंत प्लेगची लस सिद्ध केली आणि जानेवारी १८९७ मध्यें ती प्रथम स्वतः टोचून घेतली. आगाखान यांनीं ती आपल्या अनुयायांसमक्ष टोचून घेतली. सावित्रीबाई फुले तर रोग्यांची शुश्रूषा करीत असतांच १० मार्च १८९७ रोजीं निवर्तल्या. धाकानें दारें बंद झालीं; तीं उघडावयास असा विश्वासच लागतो.

म्हणून नकार ऐकतांच रागावूं नये. ‘आपणांस कशाची धास्ती वाटते?’ असें एकांतांत विचारावें. कोणास शस्त्रक्रियेचें भय असतें, कोणास मुलांवर पडणाऱ्या खर्चाची विवंचना. भयास सोप्या भाषेंतील माहिती व दुसऱ्या वैद्याचा सल्ला हा उतारा आहे. खर्चाकरितां, महाराष्ट्रांतील धर्मादाय रुग्णालयांत शेंकडा १० खाटा निर्धनांसाठीं मोफत राखून ठेवाव्या लागतात, हें सांगावें.

एवढें करूनही सज्ञान व शुद्धीवर असलेला रोगी नकोच म्हणाला, तर? सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं त्याचा नकाराचा हक्क मान्य केला आहे. मूल, बेशुद्ध किंवा वातांत बरळणारा मनुष्य यांची गोष्ट निराळी. सांसर्गिक रोगांत शेजाऱ्याच्या जिवाचाही प्रश्न असतो; तेथें रोग्यास वेगळें ठेवावें लागेल, पण अपमानानें नव्हे.

मात्र नकार दिला म्हणून रोग्यास टाकूं नये. वेदना शमविण्याचे उपाय चालूं ठेवावे, पुन्हां भेटीस जावें. आज ‘नको’ म्हणणारा आठ दिवसांनीं ‘बरें, करूं या’ म्हणेल. त्या वेळीं आपण त्याच्या जवळ असलें पाहिजे.