मुंबई ते लंडन : अंतराचा आणि वेळेचा हिशेब



८ जून १९४८ रोजी 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हा असे थांबे घेत लंडनला निघाले. आता विमाने मध्ये न थांबता जातात. मग वेळ किती लागावा?

सपाट नकाशावर पट्टी ठेवाल तर फसाल. पृथ्वीगोल घ्या, दोन्ही शहरांवर दोरा ताणून धरा. तो सुमारे ६५ अंशांचा भरतो. अंशाला १११ किलोमीटर धरले की झाले ७,२०० किलोमीटर. ताशी ९०० प्रमाणे आठ तास. पण चढता-उतरताना वेग कमी, वाट थोडी वाकडी, आणि वरचा वारा पश्चिमेकडून येणारा. म्हणून जाताना दहाच्या आसपास, येताना नऊ.

आता घड्याळ पाहा. हिवाळ्यात सकाळी सातला निघून दहा तासांनी उतरलात, तर लंडनला साडेअकराच वाजलेले! तिथले घड्याळ साडेपाच तास मागे. इथे आम्हा युनियनवाल्यांचे कान टवकारतात. नुसती घड्याळांची वजाबाकी करून पगार काढला, तर दहा तासांच्या राबण्याचे साडेचारच भरतील. म्हणून वैमानिक उड्डाणाच्या नोंदी एकाच जागतिक प्रमाणवेळेत ठेवतात. आणि त्यांची ड्यूटी विमान उडाल्यापासून नव्हे, कामावर हजर झाल्यापासून धरतात.

आपल्या तालुक्यातून कोयता घेऊन कारखान्यावर जाणाऱ्या जोडप्याला मजुरी टनावर मिळते. ट्रकमध्ये पोरेबाळे घेऊन काढलेली रात्र त्या टनात कुठेच बसत नाही.