आधी दप्तर, मग यंत्र

श्रोतेहो, घरातले एखादे यंत्र बिघडले तर त्याचा त्रास होतो, पण दुःख होत नाही. पंखा बंद पडला तर उकडते, गिरणी बंद पडली तर दळण खोळंबते. कारागीर येतो, सुटा भाग बदलतो आणि संसाराचे गाडे पुन्हा चालू लागते. संगणकाची गोष्ट मात्र वेगळी आहे. कळ दाबावी, पडद्यावर कारखानदाराची मुद्रा उमटावी, ठिपक्यांचे चक्र फिरू लागावे, आणि एकाएकी निळा किंवा काळा पडदा झळकून यंत्राने पुन्हा पहिल्यापासून प्रारंभ करावा, असे तीनचार वेळा झाले म्हणजे घरात जी शांतता पसरते ती काही यंत्राच्या किमतीमुळे नव्हे. त्या पेटीत मुलीच्या लग्नाची छायाचित्रे असतात. वडिलांनी दोन बोटांनी टंकलिखित केलेल्या आठवणी असतात. मुलाचा अर्धा लिहून झालेला प्रबंध असतो. घरपट्टीच्या पावत्यांपासून निवृत्तिवेतनाच्या कागदांपर्यंत कुटुंबाचे सारे दप्तर असते.

अशा वेळी पेटी उचलून दुरुस्तीच्या दुकानी न्यावी, तर पुष्कळदा एकच निदान कानी पडते, "फॉरमॅट मारावा लागेल." फॉरमॅट मारणे म्हणजे डिस्क पुसून पाटी कोरी करणे. वाळवीला ज्या कामासाठी वर्षे लागतात ते काम हे एक वाक्य अर्ध्या तासात उरकते. यात त्या कारागिराचा दोष आहे असेही नाही. त्याला यंत्र सुरू करून देण्यास सांगितलेले असते, आणि तो ते करून देतो. आत काय आहे आणि त्याचे मोल काय, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

म्हणून या भाषणाचे सार मी आरंभीच सांगून टाकतो. यंत्र दुरुस्त करणे आणि यंत्रातील दप्तर वाचवणे ही दोन निरनिराळी कामे आहेत. त्यांचा क्रम ठरलेला आहे आणि तो उलटा करता कामा नये. आधी दप्तर, मग यंत्र. घरोघरी बहुतेक विंडोज वापरली जाते, म्हणून मी तिच्याच संदर्भात बोलणार आहे.

प्रथम हे पाहू, की संगणक सुरू होतो म्हणजे नेमके काय होते. हे काम एका दमात होत नाही. एकाने दुसऱ्याला हाक मारून जागे करावे, तसे ते टप्प्याटप्प्याने होते. मदरबोर्डवर साठवलेला एक छोटा कार्यक्रम सर्वांआधी जागा होतो. जुन्या यंत्रांत त्याला बायोस म्हणत, नव्या यंत्रांत यूईएफआय म्हणतात. मेमरी, कळफलक, पडदा ही मंडळी हजर आहेत की नाहीत याची तो हजेरी घेतो. मग तो डिस्कवरील एका वाटाड्या कार्यक्रमाला हाक मारतो. वाटाड्या विंडोजचा गाभा मेमरीत आणून ठेवतो. गाभा निरनिराळ्या उपकरणांचे ड्रायव्हर नावाचे कार्यक्रम कामाला लावतो. आणि सर्वांत शेवटी आपले नाव व परवलीचा शब्द विचारणारा पडदा येतो. या सबंध साखळीत आपल्या पत्रांचा आणि छायाचित्रांचा कोठेच संबंध येत नाही. दाराचे कुलूप बिघडले म्हणजे माजघरातली ट्रंक रिकामी झाली असे होत नाही, तसेच हे आहे.

याचा फार मोठा दाखला जगाने १९ जुलै २०२४ रोजी पाहिला. क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीने आपल्या सुरक्षा-प्रणालीसाठी एक सदोष फाइल ग्राहकांच्या यंत्रांवर धाडली, आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे कोसळली. त्यांतली पुष्कळशी सुरू करताच पुन्हा कोसळत होती. विमानतळांवर रांगा लागल्या. आपल्या देशातही काही प्रवाशांच्या हाती हाताने लिहिलेले बोर्डिंग पास पडले. ती यंत्रे बहुतांशी कार्यालयांतली होती, पण रोग घरच्या यंत्राला होतो तोच होता. त्यावर उपाय काय ठरला? यंत्र सेफ मोडमध्ये सुरू करावे आणि तेवढी एक फाइल काढून टाकावी. डिस्क पुसण्याचे काही कारण नव्हते. दप्तर जागच्या जागी होते. बिघडला होता तो त्याच्याकडे जाणारा रस्ता.

मात्र याला एक अपवाद आहे, आणि तो आधी तपासला पाहिजे. कधी कधी बिघाड रस्त्यात नसतो, खुद्द ट्रंकेतच असतो. म्हणजे डिस्कच मरणपंथाला लागलेली असते. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये तबकड्या गरगर फिरत असतात आणि त्यांच्या पृष्ठापासून केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावर वाचणारे शीर्ष तरंगत असते. यंत्रातून टक् टक् किंवा खरखर असा आवाज नियमाने येऊ लागला, तर यंत्र तत्काळ बंद करावे आणि पुन्हा सुरू करू नये. प्रत्येक प्रयत्नासरशी तबकडीवर नवा ओरखडा पडण्याचा संभव असतो. अशी डिस्क माहिती परत मिळवून देणाऱ्या तज्ज्ञांकडेच द्यावी. नव्या एसएसडी डिस्कमध्ये फिरणारे काही नसते, म्हणून ती आवाजाने इशाराही देत नाही. शिवाय तिच्यावरून एकदा पुसलेली माहिती बहुधा परत मिळत नाही, हे ध्यानात ठेवलेले बरे.

आवाज नसेल, तर शांतपणे निदानाला बसावे. पडद्यावर जो संकेत उमटतो त्याचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. वैद्याला नाडी दाखवावी तसा तो उपयोगी पडतो. मग यंत्राला जोडलेले छपाईयंत्र, पेन ड्राइव्ह, कॅमेरा, जे काही असेल ते काढून केवळ कळफलक आणि माउस ठेवावा. कित्येकदा विसरलेल्या पेन ड्राइव्हवरूनच सुरू होण्याचा व्यर्थ प्रयत्न यंत्र करीत असते. यंत्र कोणत्या टप्प्यावर थांबते तेही पाहावे. पडदा मुळीच उजळत नसेल आणि नुसती शिट्टी वाजत असेल, तर हजेरीतच कोणी गैरहजर आहे. बहुधा मेमरीची पट्टी सैल झालेली असते. वीज पूर्ण तोडून, एखाद्या धातूला स्पर्श करून, ती पट्टी काढून पुन्हा नीट बसवल्याने पुष्कळ यंत्रे जागी होतात. घड्याळ काही वर्षे मागे गेले असेल, तर मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली आहे असे समजावे. ती थोडक्या पैशांत मिळते. आणि कारखानदाराची मुद्रा दिसून ठिपके फिरू लागल्यावर यंत्र कोसळत असेल, तर हजेरी पार पडली असून दोष पुढे, विंडोजमध्ये किंवा डिस्कमध्ये, असण्याचा संभव अधिक आहे.

आता दप्तर बाहेर काढण्याचे काम. पहिला मार्ग सेफ मोडचा. विंडोज लागोपाठ दोनदा सुरू होऊ शकली नाही, तर पुढच्या वेळी ती बहुधा आपण होऊन दुरुस्तीचा पडदा दाखवते. त्यात ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग स्टार्टअप सेटिंग्ज, असे जाऊन रिस्टार्ट निवडावे, आणि यादी येताच ४ हा अंक दाबावा. सेफ मोड म्हणजे लवाजमा न घेता निघालेली स्वारी. अगदी आवश्यक तेवढेच ड्रायव्हर बरोबर असतात. या रीतीने यंत्र सुरू झाले, तर दुसरे काहीही करण्याआधी बाहेरची डिस्क जोडून फाइलींची नक्कल करून घ्यावी.

हा मार्ग साधला नाही तर दुसरा मार्ग आहे. शेजाऱ्याच्या किंवा मित्राच्या संगणकावर उबुंटू अथवा लिनक्स मिंट ही विनामूल्य मिळणारी प्रणाली ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर चढवावी, आणि आपले यंत्र त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करावे. त्यासाठी आरंभी एफ-१२, एफ-२, एस्केप यांपैकी कोणती कळ दाबायची, हे यंत्राच्या बनावटीवर अवलंबून असते. पुढे इन्स्टॉल न निवडता ट्राय हाच पर्याय निवडावा, म्हणजे डिस्कवर काही लिहिले जात नाही. यात एका दगडात दोन पक्षी मारले जातात. दप्तर तर बाहेर काढता येतेच. शिवाय यंत्र अशा रीतीने तासभर सुरळीत चालले, तर मेमरी, मदरबोर्ड आणि वीजपुरवठा बहुधा ठीक आहेत असा निर्वाळाही मिळतो. आणि यंत्रच पार मेले असेल, तर तिसरा मार्ग म्हणजे डिस्क खोलून घेऊन ती यूएसबीच्या जोडणीने दुसऱ्या संगणकाला लावणे.

या तिन्ही मार्गांवर एक पहारेकरी उभा असू शकतो, त्याचे नाव बिटलॉकर. नव्या यंत्रांपैकी पुष्कळांत डिस्कवरील मजकूर आपोआप कुलूपबंद होतो, आणि यंत्राची घडी बदललेली दिसली की ४८ अंकी किल्ली मागितली जाते. २०२४ च्या त्या गोंधळात कित्येक कार्यालयांत दुरुस्ती खोळंबली ती याच किल्लीपायी. विंडोज मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी जोडलेली असेल, तर ही किल्ली बहुधा त्या खात्यात जमा असते आणि मोबाइलवरून पाहता येते. ती नसेल, तर मजकूर वाचण्याचा उपाय कोणाही कारागिराजवळ नाही.

काय काय उचलावे? सी ड्राइव्हवर यूझर्स नावाचे दालन असते. त्यात आपल्या नावाच्या खोलीत डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स ही कपाटे असतात, ती सबंध उचलावी. आपल्याकडे पुष्कळ लोक महत्त्वाचे कागद डी ड्राइव्हवर ठेवतात आणि निर्धास्त असतात. परंतु सी आणि डी या बहुधा एकाच डिस्कच्या दोन खोल्या असतात. घर कोसळले तर दोन्ही खोल्या कोसळतात. मराठी कुटुंबांनी आणखी एक गोष्ट विसरू नये. युनिकोड रूढ होण्यापूर्वी श्रीलिपी, कृतिदेव अशा टंकांत लिहिलेल्या फाइली असतील, तर विंडोज या दालनातील फॉन्ट्सच्या कपाटातून ते टंकही उतरवून घ्यावे. नाहीतर मोडीचे दप्तर हाती असावे आणि ते वाचणारा मात्र गावात नसावा, अशी गत होते. उतरवलेल्या फाइलींपैकी आठदहा फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्या. नुसती नावे दिसली म्हणजे आतला मजकूर आला असे नव्हे.

इतके झाल्यावर यंत्राच्या दुरुस्तीला खुशाल हात घालावा. येथेही सौम्य औषधापासून प्रारंभ करावा. दुरुस्तीच्या त्याच पडद्यावरून स्टार्टअप रिपेअर करून पाहावे; मग नुकतेच आलेले अपडेट काढून पाहावे; मग सिस्टम रिस्टोअर, म्हणजे यंत्राच्या व्यवस्था पूर्वीच्या एखाद्या तारखेला होत्या तशा करणे. त्यानेही भागले नाही तर रीसेट करावे, आणि तेथे कीप माय फाइल्स हा पर्याय निवडावा. त्यात बाहेरून बसवलेले कार्यक्रम जातात, पण आपल्या फाइली राखल्या जातात. त्याच्याच शेजारी सर्व काही पुसणारा दुसरा पर्याय असतो, म्हणून कळ दाबण्याआधी पाटी दोनदा वाचावी. फॉरमॅट हा शेवटचा उपाय होय, आणि नक्कल हाती असेल तर त्याचेही भय बाळगण्याचे कारण उरत नाही. डिस्क तपासणाऱ्या चेकडिस्कविषयी मात्र थोडा संयम हवा. आजारी डिस्कवर तो चालवला तर तिच्यावर फार ताण पडतो, म्हणून तो नक्कल झाल्यानंतरच चालवावा.

हे सारे आपल्याच्याने होण्याजोगे नाही असे वाटले, तर कारागिराकडे जाण्यात कमीपणा नाही. फक्त पेटी देताना पावतीवरच लिहून घ्यावे, की आतील माहिती पुसू नये आणि विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये. इतक्या एका ओळीने कामाचे स्वरूपच बदलते.

राहता राहिला तो पुढचा विचार. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्यातल्या नदीकाठच्या पेठांत घराघरांतून पाणी शिरले. अशा प्रसंगी मूळ कागद आणि त्याची नक्कल एकाच कपाटात असतील, तर दोन्ही एकदमच जातात. संगणकाचा न्याय याहून निराळा नाही. जाणकारांचा संकेत असा, की महत्त्वाच्या मजकुराच्या तीन प्रती असाव्या, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्या, आणि त्यांतली एक घराबाहेर, मुलीच्या घरी किंवा इंटरनेटवरच्या साठ्यात, असावी. इंटरनेटवर आपोआप जुळवून घेणाऱ्या साठ्यावर मात्र सर्वस्वी विसंबू नये. येथे चुकून पुसलेली फाइल काही काळाने तेथूनही नाहीशी होते.

तेव्हा श्रोतेहो, आपला संगणक आज धडधाकट असेल, तर याच आठवड्यात दोन कामे करावी. बाहेरच्या एका डिस्कवर घरच्या दप्तराची नक्कल उतरवून तिच्यावर तारीख घालावी; आणि आपल्या यंत्राची ती ४८ अंकी किल्ली कागदावर नीट लिहून, जेथे घराचे खरेदीखत ठेवले आहे तेथेच ती ठेवून द्यावी. मग एखाद्या सकाळी निळा पडदा आलाच, तर आधी चहा घ्यावा आणि मग सावकाश कामाला लागावे.