लेकीची भाड्याची खोली आणि सामानाचा विमा

बारावीचा निकाल लागला की आमच्या गटाच्या बैठकीत दरसाल एकच विषय निघतो. लेक चंद्रपूरला शिकायला जाणार, खोली कुठं पाहायची? यंदा एकीनं निराळंच विचारलं. खोलीतल्या सामानाचा विमा काढावा का?

काहीजणी हसल्या. आम्ही हसलो नाही. जुलै २०२२ मध्ये इरई धरणाची दारं उघडली आणि चंद्रपूरच्या सखल वस्त्यांत पाणी शिरलं. आमच्यातल्या एकीची लेक तिथंच तळमजल्यावर राहत होती. पोरगी सुखरूप निघाली. गादी, पुस्तकं, लॅपटॉप गेला. लॅपटॉप गटाच्या कर्जातून घेतलेला. तो गेल्यावरही आईनं तेंदूपत्त्याच्या मजुरीतून हप्ते फेडले. घरमालकानं विमा काढला असता तरी तो त्याच्या घराचा, पोरीच्या सामानाचा नाही.

१ एप्रिल २०२१ पासून विमा कंपन्यांकडे ‘भारत गृह रक्षा’ नावाची पॉलिसी मिळते. घर आपलं नसलं तरी भाडेकरूला नुसत्या सामानाचा विमा घेता येतो. आग, पूर, भूकंप, वीज पडणं हे त्यात येतं. चोरीचं मात्र नीट ऐका. पूर किंवा आगीसारखी घटना घडल्यावर सात दिवसांत चोरी झाली, तरच भरपाई. एरवीच्या चोरीला वेगळा विमा लागतो. एजंट हे आपणहून सांगेलच असं नाही, म्हणून विचारायचं. रोख पैसे आणि कागदपत्रंही यात धरत नाहीत.

मग काढावा का? लेक वसतिगृहात असेल, सोबत एक पेटी आणि चार कपडे असतील, तर नको, असं आमचं मत. खोली नदीकडच्या सखल भागात असेल आणि लॅपटॉप कर्जाचा असेल, तर दोन ठिकाणी हप्ता विचारून घ्या. त्याआधी बँकेत जाऊन तिचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा करा. अठरा पूर्ण लागतात, वर्षाला २० रुपये कटतात, अपघाती मृत्यूला दोन लाख मिळतात.

आणि सामानाच्या पावत्यांचे फोटो आईच्या मोबाईलमध्ये ठेवा. त्या पोरीच्या लॅपटॉपची पावती लॅपटॉपच्याच पिशवीत होती.