वाचलेला खर्च जातो कोठे?



कामगार चळवळीतल्या माणसाने संगणकाच्या ग्राफिक्स कार्डावर बोलावे, हे आपणांपैकी काहींना चमत्कारिक वाटेल. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कारखान्यांच्या फाटकांवर फार झाले. पण नगामागे चार पैसे कमी की जास्त, या एका प्रश्नावर आमच्या रात्रीच्या रात्री वाटाघाटींत गेल्या आहेत. आजचा विषय नेमका तोच आहे.

ग्राफिक्स कार्ड म्हणजे पडद्यावरचे चित्र तयार करणारी, संगणकाच्या पोटातली पट्टी. तिच्या एका कडेला केबल खोचण्याची तीनचार तोंडे असतात. त्यांना पोर्ट म्हणतात. कोणते पोर्ट ठेवायचे आणि कोणते गाळायचे, हे कारखानदार कसे ठरवतो?

पहिला हिशेब परवान्याचा. एचडीएमआय हे पोर्ट २००२ साली सात कंपन्यांनी मिळून आणले. त्याच्या परवान्याचे जाहीर झालेले दर असे: वर्षाची वर्गणी आणि शिवाय नगामागे १५ सेंट. वस्तूवर त्यांचे बोधचिन्ह वापरले तर ५ सेंट आणि चित्राची नक्कल रोखणारी व्यवस्थाही बसवली तर ४ सेंट. नगामागे फरक अकरा सेंटांचा. पण दहा लाख नगांवर तो १ लाख १० हजार डॉलर होतो. थेंबे थेंबे तळे साचते ते असे. उलट, व्हेसा या संस्थेने २००६ साली डिस्प्लेपोर्ट आणले, त्यावर तिने स्वतः नगामागे आकार ठेवला नाही. मग सारी पोर्टे डिस्प्लेपोर्टच का नाहीत? कारण गिऱ्हाइकाच्या घरातल्या टीव्हीला एचडीएमआयच असते. म्हणून आज पुष्कळशा कार्डांवर तीन डिस्प्लेपोर्ट आणि एक एचडीएमआय अशी वाटणी दिसते.

दुसरा हिशेब जागेचा आणि चिपचा. आयबीएमने १९८७ साली आणलेल्या व्हीजीए पोर्टाला जुन्या पद्धतीचा, अंकांत न बसणारा विद्युत्‌संदेश लागे. तो तयार करणारी मंडले चिपमध्येच ठेवावी लागत. डिसेंबर २०१० मध्ये इंटेल, एएमडी आणि काही संगणक व पडदे बनवणाऱ्या कंपन्यांनी व्हीजीए हळूहळू बंद करण्याचे जाहीर केले. एएमडीने २०१३च्या वरच्या श्रेणीच्या कार्डांतून आणि एनव्हिडियाने २०१६च्या नव्या कार्डांतून ही सोय काढली.

कारखानदाराच्या वहीत येथे बचत झाली. पण ज्या शाळेत, ज्या वाचनालयात व्हीजीएचा पडदा किंवा प्रोजेक्टर उत्तम चालत होता, तिथे काय झाले? साध्या तारेने काम भागेना. संदेशाचे रूपच बदलणारी डबी विकत घेणे आले, नाहीतर चालता पडदा भंगारात गेला. हा खर्च कारखानदाराच्या ताळेबंदात कोठेही दिसणार नाही. खर्च नाहीसा झाला नाही. त्याने फक्त घर बदलले.

तेव्हा प्रत्येक जुनी सोय कायम ठेवा, अशी मागणी करावी काय? नाही. दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. २०१८ साली एनव्हिडियाने आपल्या नव्या कार्डांवर व्हर्च्युअललिंक नावाचे एक तोंड दिले. डोळ्यांवर बांधायच्या आभासी दर्शनयंत्राला चित्र आणि वीज एकाच केबलने मिळावी, हा हेतू. त्यासाठी वीज पुरवण्याची वेगळी व्यवस्था आली, म्हणजे खर्च आला. कार्डे जुळवणाऱ्या काही कंपन्यांनी स्वस्त कार्डांवरून ते वगळले. दर्शनयंत्रे त्या मार्गाने आलीच नाहीत आणि २०२०च्या कार्डांतून ते तोंड गेले. ज्यांनी कधी ते वापरले नाही, त्यांच्याही किमतीत त्याचा वाटा होता. न लागणारी सोय हाही गिऱ्हाइकावर बसलेला करच.

बरे, महाग वस्तूत सोयी जास्त असतात म्हणावे, तर तेही खरे नाही. २०२२ साली एनव्हिडियाचे १,५९९ डॉलरांचे कार्ड डिस्प्लेपोर्टच्या जुन्या, १.४ श्रेणीवर थांबले. त्याच वर्षी एएमडीने ९९९ डॉलरांच्या कार्डावर २.१ श्रेणी दिली. एनव्हिडियाच्या बाजूने म्हणता येईल की, नव्या श्रेणीचे पडदे तेव्हा बाजारात जवळजवळ नव्हते आणि चित्र दाबून पाठवले की जुने पोर्टही पुरते. हे खोटे नाही. पण पडदेवाला कार्डाची वाट पाहतो आणि कार्डवाला पडद्याची. मधल्या काळात पैसे मोजून मोकळा होतो तो गिऱ्हाईक. एनव्हिडियाने ती श्रेणी २०२५ साली दिली.

याहून गंभीर गोष्ट २०२४ची. एएमडीच्या कार्डावर एचडीएमआय २.१चे तोंड होते. गिऱ्हाइकाने त्याचे पैसेही दिले होते. लिनक्स वापरणाऱ्यांसाठी त्याची पूर्ण शक्ती खुल्या प्रणालीतून चालवण्याची योजना एएमडीने मांडली. एचडीएमआय फोरमने ती नाकारली. ही फोरम कंपन्यांची बनलेली आहे. तिथे वापरणाऱ्याची खुर्ची नाही.

आमचा आक्षेप काटकसरीला नाही. काटकसर कोण ठरवतो आणि तिची झळ कोणाला लागते, हा आमचा प्रश्न आहे. मजुरीच्या दराविषयी आम्ही जे म्हणत आलो, तेच येथेही म्हणतो: ज्याच्या खिशातून पैसा जाणार, त्याचा शब्द ठरावाच्या आधी ऐकला पाहिजे.

फोरमच्या दारापर्यंत आपला आवाज आज पोचणार नाही. पण आपल्या गावची शाळा, पतपेढी, नगरपालिका संगणक घेतात तेव्हा दरपत्रक आपल्याच माणसांपुढे येते. त्या बैठकीत कोणी तरी उठून विचारावे: आपल्याकडचे पडदे कोणत्या पोर्टाचे आहेत? नव्या कार्डावर ते चालतील काय? न चालले तर डब्यांचा नि नव्या पडद्यांचा खर्च या आकड्यात धरला आहे काय? सर्वांत स्वस्त दर तेव्हाही स्वस्तच राहतो का, ते मग बेरीज करून पाहावे.